मामांच्या पेटीतला 'गंमत' गठ्ठा : यातलं मुद्दाम काय आणि चुकून काय?

पेटीवाली

मामा जाऊन दीड वर्ष झालं. मागच्या महिन्यात मामीने त्यांचं कपाट रिकामं केलं आणि एक पत्र्याची पेटी माझ्यापुढे सरकवली. "यातलं एकही माणूस आपलं नाही. हवं तर ने, नाहीतर रद्दीत जाईल."

पेटीत २१२ फोटो निघाले. सगळे जुने घरगुती स्नॅपशॉट, अमेरिकेतले आणि युरोपातले, कुणाकुणाच्या अल्बममधून सुटलेले. मामा हिशेबनीस होते. मोजून बोलायचे, हसायचे त्याहून कमी. हा माणूस चाळीस वर्षं परक्यांचे फोटो जमवत होता, हे आम्हाला माहीत होतं. पण ते कसले, हे कुणी कधी विचारलं नाही. त्यांनी पाकिटं करून ठेवली आहेत : 'समुद्र', 'कुत्री', 'मोटारी'. सगळ्यात जाड पाकिटावर लिहिलंय 'गंमत'. त्यात ६३ आहेत.

चार-पाच सांगते, म्हणजे कल्पना येईल.

एकात एक माणूस उकिडवा बसून तळहात पुढे धरतो आणि त्या तळहातावर वीतभर उंचीची बाई उभी आहे. नीट पाहिलं तर तिचे पाय हाताच्या थोडे वरच तरंगतायत. दुसऱ्यात एकच माणूस बाकाच्या दोन्ही टोकांना बसलाय आणि स्वतःकडेच नापसंतीने बघतोय. डावीकडच्याच्या पँटमधून बाकाच्या फळ्या दिसतात. तिसऱ्यात एकामागे एक उभी राहिलेली मंडळी, फक्त डोकी कडेने बाहेर काढलेली, सगळ्यात वर एक काटकुळा उंच तरुण. सात डोक्यांचं एकच झाड वाटतं. चौथ्यात चौघीजणी पाठमोऱ्या, अगदी लग्नाच्या फोटोसारख्या शिस्तीत ओळीने.

आणि पाचवा, माझा सगळ्यात आवडता. सहा जण गवतावर उभे आहेत आणि त्यांच्या पायापर्यंत फोटो काढणाऱ्याची लांब सावली आलीये. सावलीच्या डोक्यावर रुंद काठाची टोपी आणि टोपीच्या वर दोन शिंगं! सहापैकी पाच जण हसतायत. पण कॅमेऱ्याकडे कुणीच बघत नाहीये, सगळ्यांची नजर जराशी वर आहे.

आता प्रश्न. मला हे नीट अल्बममध्ये लावायचे आहेत. त्यासाठी दोन ढीग करायला घेतले : मुद्दाम केलेली गंमत, आणि चुकून झालेली गंमत. एका फोटोत बाईचं डोकंच कापलं गेलंय, तो चुकून, हे मला कळतं. पण बाकावरचा? सावलीचा? हे ओळखायचं कसं?

आणखी एक. काही फोटोंच्या पाठीवर मामांनी पेन्सिलीने आकडे लिहिलेत. तळहातावाल्याच्या मागे '२+१'. पाठमोऱ्या चौघींच्या मागे '४+१'. बाकाच्या मागे '२−१+१'. डोकं कापलेल्या बाईमागे काहीच नाही. हा कसला हिशेब असेल?

लाल खिडकी

आकड्यांचं माहीत नाही, पण कॅमेऱ्याचं सांगू शकतो. पंचवीसेक बॉक्स कॅमेरे (म्हणजे जुने, स्वस्त, डब्यासारखे साधे कॅमेरे) उघडून पुन्हा जोडलेत, त्यातले वीस चालतात.

आधी तळहात. बॉक्स कॅमेऱ्याला फोकस नसतो. साधं एक भिंग, छिद्र बारीक, त्यामुळे आठ-दहा फुटांपासून पुढचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. महागड्या कॅमेऱ्यावाला मागची बाई अंधूक करून बसला असता. हा स्वस्त डबा मात्र दोघांनाही सारखाच न्याय देतो. माणूस दहा फुटांवर आणि बाई साठ फुटांवर उभी केली, की ती सहापट लहान दिसते. साडेपाच फुटांची बाई अकरा इंचांची. तुमची वीतभर बाई हिशेबात बसते.

तो उकिडवा का बसलाय, तेही यातच आहे. हा कॅमेरा पोटाशी धरून वरून खाली बघत वापरायचा. त्यामुळे क्षितिज पोटाच्या उंचीला येतं आणि लांब उभ्या माणसाचे पाय त्याच्या थोडेच खाली. तळहात तिथे न्यायचा तर उभ्या माणसाला मांडीपाशी हात धरावा लागेल, ते काही राजेशाही दिसत नाही. म्हणून खाली बसायचं आणि हात छातीसमोर धरायचा. म्हणजे आधी एकदा करून, फसून, मग बसवलेला फोटो आहे हा.

पाय तरंगतायत, कारण व्ह्यूफाइंडर, म्हणजे फोटोत काय येणार ते बघायची काच, टपाल तिकिटाएवढा, त्यात डावं-उजवं उलटं दिसतं, आणि तो लेन्सच्या जागी नसून डब्याच्या कोपऱ्यात असतो. वर साठ फुटांवरच्या बाईला ओरडून सांगायचं, "डावीकडे! नाही नाही, माझ्या डावीकडे!" एवढं करून दोन बोटांचा फरक राहिला तर मी तिघांचंही कौतुक करीन.

आता बाक. या डब्यांत रोल पुढे सरकवणं आणि शटर दाबणं यांचा एकमेकांशी संबंध नसतो. मागच्या लाल काचेतून आकडा बघत किल्ली फिरवायची. विसरलात की त्याच फ्रेमवर दुसरा फोटो. चुकून झालेला डबल एक्सपोजर लगेच ओळखू येतो : दोन क्षितिजं, आजीच्या पोटातून बोट चाललेली, सगळं फिकट धुरकट. मुद्दाम केलेल्यात मागची भिंत, झाड, बाकाच्या कडा एकावर एक तंतोतंत बसतात, कारण कॅमेरा स्टुलावर ठेवून कुणी हलवलेला नसतो. आणि दोन आकृत्या एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. तुमचा माणूस स्वतःकडे बघतोय म्हणता, तेव्हा प्रश्नच मिटला. चुकून कुणी स्वतःकडे नापसंतीने बघत नाही.

सावलीवर नंतर लिहितो, त्या फोटोत मला काहीतरी खटकतंय.

उंटावरचा

एवढं काय त्यात? चार टवाळ जमले, हातात कॅमेरा आला, माकडचाळे केले. आपण मोबाइलवर रोज करतो. शंभर वर्षं जुनं झालं की लगेच कला, आणि भिंग घेऊन संशोधन.

आणि 'मुद्दाम की चुकून' हे फोटो बघून कळतं, यावर माझा विश्वास नाही. १९१७ साली इंग्लंडात कॉटिंग्ली गावात दोन मुलींनी वडिलांचा कॅमेरा मागून घेतला आणि पऱ्यांचे फोटो काढले. एल्सी सोळाची, फ्रान्सिस नऊची. पुठ्ठ्याच्या पऱ्या कापून टोपीच्या पिनांनी उभ्या केलेल्या. घरातल्या मोठ्यांची फिरकी घ्यायची होती, बास. शेरलॉक होम्स लिहिणाऱ्या कॉनन डॉयलनी १९२० मध्ये ते मासिकात खरे म्हणून छापले! कबुली आली ती १९८३ साली, दोघी म्हाताऱ्या झाल्यावर. साठ वर्षं शहाणीसुरती माणसं भिंग लावूनच बघत होती.

जुनाट

उंटावरचे, उदाहरण उत्तम दिलंत, पण ते तुमच्याच विरुद्ध जातं. त्या फोटोंतली गंमत लोकांना दिसली नाही, कारण ते पऱ्यांकडे बघत होते. दोन पोरी आणि एक कॅमेरा यांच्याकडे नाही.

'मोबाइलवर रोज करतो' हे तर मुळीच पटत नाही. सन १९०१ मध्ये आलेल्या नंबर दोन ब्राउनी या कोडॅकच्या स्वस्त बॉक्स कॅमेऱ्याच्या रोलमध्ये सहा फोटो निघायचे, पुढे आठ. सहापैकी एक फोटो पाठमोऱ्या चौघींवर घालवायचा, तो कसा आला ते कित्येक दिवस कळणार नाही, आणि फसला तर ती दुपार परत येणार नाही. माकडचाळे म्हणा हवं तर, पण ठरवून, मोजक्या फ्रेमवर केलेले माकडचाळे आहेत ते. स्नॅपशॉट हा शब्द मात्र याच्या अगदी उलट. तो शिकाऱ्यांचा : नेम न धरता झटकन झाडलेली गोळी. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८६० मध्ये तो फोटोसाठी वापरला, तेव्हा असा झटकन फोटो निघू शकेल ही निव्वळ कल्पनाच होती.

पेटीवाली, तुमच्या गठ्ठ्यात एखादा गोल फोटो आहे का? असला तर जपा. १८८८ च्या पहिल्या कोडॅकचे फोटो गोल यायचे, अडीच इंच व्यासाचे. रोल शंभर फोटोंचा, आणि तो संपला की अख्खा कॅमेराच अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या कोडॅक कारखान्यात पाठवायचा. म्हणजे तुमची गंमत सगळ्यात आधी बघणार कारखान्यातला कुणी अनोळखी कामगार. (त्याने काय काय पाहिलं असेल, यावर मी अधूनमधून विचार करतो.)

युक्त्यांचं म्हणाल तर त्या घरोघरी नव्याने सुचल्या असतील, तशा छापूनही येत होत्या. वॉल्टर वुडबरी यांचं 'फोटोग्राफिक अम्यूझमेंट्स' १८९६ मध्ये न्यू यॉर्कला निघालं. एकाच माणसाचे दोन, दोन आरशांत एकाचे पाच, असली सगळी पाककृतीच त्यात आहे. तोंड घालायला वर मोकळी जागा ठेवलेले जत्रेतले चित्रांचे पडदे तर त्याच्याही आधीचे. पत्ते खेळणाऱ्या कुत्र्यांची चित्रं ज्यांच्या नावावर आहेत त्या कॅशियस कूलिज यांनी १८७४ मध्ये अशाच युक्तीचं पेटंट घेतलं होतं.

पण माझी सगळ्यात आवडती बाई अ‍ॅलिस ऑस्टिन. न्यू यॉर्कच्या स्टेटन आयलंडवर राहायची. काचेच्या प्लेटा, जड कॅमेरा, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या स्नॅपशॉट नव्हे, पण वृत्ती शंभर टक्के तीच. तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी पुरुषांचे कपडे चढवून, मिशा लावून फोटो काढला. त्यावर नोंद काय, तर १५ ऑक्टोबर १८९१, दुपारी ४ वाजून ४० मिनिटं. मिशा खोट्या, पण वेळ मिनिटासकट खरी! विनोदाची इतकी काटेकोर नोंद ठेवणारी माणसं मला फार भावतात. तुमचे मामा त्याच जातीचे दिसतात.

ते आकडे फोटो विकत घेतल्याच्या नोंदी असतील, किंवा संग्रहाचे अनुक्रमांक. माझ्या वहीतही तसे आहेत.

पेटीवाली

गोल एकही नाही. शोधला, वाईट वाटलं.

जुनाट, अनुक्रमांक वाटत नाहीत हो. २१२ पैकी सत्तर-ऐंशी फोटोंवरच आहेत आणि '४+१' तर तीनदा आलाय. हिशेबनीस माणूस एकच नंबर तिघांना देणार नाही.

उंटावरचे, तुमचा प्रतिसाद मामीला वाचून दाखवला. "हा मुलगा बरोबर बोलतोय" असं तिचं मत पडलं.

मुद्दाम-चुकूनचे ढीग मात्र कोसळायला लागलेत. काल एक नवाच सापडला. काका-काकू अगदी ताठ उभे, आणि मागून एक कुत्रा धावत जाताना अर्धाच आलाय. हे चुकून. पण ज्याने तो फोटो फेकून न देता अल्बममध्ये चिकटवला (मागे काळ्या कागदाचे तुकडे अजून आहेत), त्याने ते मुद्दाम केलं ना? मग तो कुठल्या ढिगात जाणार?

जुनाट

तिसरा ढीग करा. माझ्याकडे त्या ढिगाला 'राहू दे' म्हणतात. डोकं कापलेली बाईसुद्धा त्यातच. असे वाया गेलेले फोटो फेकले जायचेच, पण शंभरातला एखादा बघून सगळं घर हसलं आणि तो वाचला. आपल्यापर्यंत पोचलेत ते हे हसून वाचलेले.

आणि मामींना सांगा, रद्दीत घालू नका. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीने २००७ साली अमेरिकन स्नॅपशॉटचं मोठं प्रदर्शन भरवलं, ते रॉबर्ट जॅक्सन नावाच्या एका संग्राहकाने असेच जमवलेले बेवारस फोटो घेऊन. काढणारे बहुतेक अनामिक.

लाल खिडकी

उशीर झाला. सावलीचं लिहितो.

सावली येते, हे स्वाभाविक आहे. या कॅमेऱ्यांचं माहितीपत्रकच सांगायचं की सूर्य पाठीशी ठेवा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी काढला, की काढणारा आपल्याच फोटोत आडवा पडणार. पुष्कळांनी मग त्याचीच गंमत केली.

मला खटकलं ते वेगळं. पोटाशी डबा धरला की दोन्ही कोपरं बाहेर येतात, सावलीत ते कानाच्या मडक्यासारखं दिसतं. एका हाताने डबा पोटावर दाबायचा, दुसऱ्याने खटका. शटर सेकंदाच्या पंचविसाव्या ते पन्नासाव्या भागाएवढं, हात जरा हलला तरी फोटो बिघडतो. ताई, भिंग घ्या आणि बघा : सावलीला कोपरं किती आहेत? दोन्ही बाहेर असतील तर शिंगांसाठी हात उरला कुठे?

हे प्रिंट निगेटिव्हच्याच आकाराचे असतात, निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेले. त्यामुळे दिसतात लहान, पण भिंगाखाली खूप काही निघतं. आणि फोटो उलटा करा. धुणारे लोक पाठीवर त्या ऑर्डरचा नंबर मारायचे. तोच नंबर दुसऱ्या कुठल्या फोटोवर आहे का?

उंटावरचा

मी थट्टा केली खरी, पण आता मलाही जाणून घ्यायचंय. कोपरं मोजली का?

पेटीवाली

मोजली. दोन. दोन्ही बाहेर, मडक्याचे कानच. आणि खाली सावली पायांपाशी रुंद होत जाते, म्हणजे स्कर्ट असावा. काढणारी बाई आहे.

मग फोटो उलटा केला. फिकट जांभळा शिक्का, ३०८. रात्री बसून सगळं 'गंमत' पाकीट उलटं करून पाहिलं. ३०८ आणखी दोनच फोटोंवर आहे. एक कुत्र्याचा, त्यात काही नाही. दुसरा म्हणजे सात डोक्यांचं झाड!

दोन्ही शेजारी ठेवले. तोच हिरवळीचा उतार, तेच कपडे. झाडात सात जण आहेत आणि सावलीच्या फोटोत सहा. एकेकाला बोट लावून जुळवत गेले. जाड भिवयांचा, जाड भिवयांचा. चट्ट्यापट्ट्यांचा ब्लाउज, तोच ब्लाउज. उरला तो सगळ्यात वरचा, काटकुळा उंच तरुण. तो सावलीच्या फोटोत नाही.

तो बाईच्या मागे उभा आहे! सूर्य दोघांच्याही पाठीशी, त्यामुळे त्याची सावली तिच्या सावलीत विरून गेलीये, आणि दिसतात ती फक्त वर केलेली दोन बोटं. म्हणूनच कुणी लेन्सकडे बघत नाहीये. सगळे तिच्या डोक्याच्या वर बघतायत. ती मात्र मान खाली घालून तिकिटाएवढ्या काचेत बघतेय आणि हे सगळे इतके का हसतायत, याचा तिला पत्ता नाही. कळलं असेल ते फोटो धुऊन आल्यावर. न हसणारा सहावा बहुतेक तिचा नवरा, पण हे माझं आपलं असंच.

लाल खिडकी, तुम्हाला साष्टांग.

आता आकडे. सावलीच्या फोटोमागे मामांनी लिहिलंय '६+२'. याआधी मी ते वाचलंच नव्हतं, शिक्क्याला लागून होतं. झाडाच्या मागे '७+१'. दोन्हीकडे आठ. पाठमोऱ्या चौघी '४+१'. तळहात '२+१'. बाकावरचा : दिसतात दोन, त्यातला एक खोटा, आणि एक शटर दाबणारा. सगळी बेरीज जुळते. डोकं कापलेल्या बाईमागे का नाही, ते अजून कळलं नाही. तिला मोजायचं की नाही, असं पडलं असेल त्यांना.

मामीला दाखवलं. तिने बराच वेळ दोन्ही फोटो हातात धरले. मग म्हणाली, "मला एकदा म्हणाले होते, दुसरा सापडायला अकरा वर्षं लागली. मला वाटलं चष्म्याचं बोलतायत."

पेटी आता तिच्याकडेच राहणार आहे. मी फोटो लावून देणार. आज 'समुद्र' पाकीट उघडलं. पहिल्याच फोटोत नुसती वाळू आहे आणि टोपी घातलेली एक सावली. मागे '०+१'.